लॅपटॉपवर चालतं, सर्व्हरवर पांढरं पान: वीटच्या स्टार्टर प्रोजेक्टमधली कोणती फाईल कोणासाठी?

"दादा, माझ्याकडे मस्त चालतंय, पण लिंक उघडली की नुसतं पांढरं."

हा निरोप मला दर महिन्या-दोन महिन्यांनी येतो. माणसं बदलतात, वाक्य तेच. या वेळी पाठवणारी होती माझी मावसबहीण. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. काकांचा गुहागरला छोटासा होमस्टे आहे, तीन खोल्या आणि घरगुती जेवण. त्याची वेबसाईट तिने रिअ‍ॅक्टमध्ये करायला घेतली. 'एनपीएम क्रिएट वीट' म्हणून स्टार्टर प्रोजेक्ट उभा केला (एनपीएम म्हणजे तयार पॅकेजेस आणून बसवणारं साधन, वीट म्हणजे आपला कोड ब्राउझरला चालेल असा करून देणारं), आठवडाभर खपली, होस्टिंग घेतलं आणि अख्खा फोल्डर झिप करून चढवला. पान पांढरं.

तिचा पहिला प्रश्न होता, "कोड कुठे चुकलाय?" कोड कुठेच चुकला नव्हता. या तक्रारीत तो क्वचितच चुकलेला असतो. चुकतं ते एवढंच, की आपल्यासमोर जो फोल्डर उघडा आहे तीच वेबसाईट आहे असं आपण धरून चालतो. कोकणात गणपतीच्या शाळेतून आपण मूर्ती घरी आणतो. साचे, शाडूची पोती आणि रंगाचे डबे कोणी पाटावर ठेवत नाही. प्रोजेक्टचा फोल्डर ही शाळा. मूर्ती वेगळी असते, आणि ती तुम्ही सांगितल्याशिवाय तयारही होत नाही.

फाईलींची नावं मी इथे देवनागरीत लिहितोय, टाईप करताना रोमनमध्येच करा. आणि हो, 'वीट' हा उच्चार माझा नाही. शब्द फ्रेंच आहे, अर्थ 'चटकन', आणि उच्चार खरोखर आपल्या विटेसारखाच. विठोबा उभा राहतो तीही वीट, आणि चौथ्यांदा पांढरं पान बघून येतो तोही वीट.

आधी एक मिनिटाची तपासणी

काहीही बदलण्याआधी सर्व्हरवरचं ते पांढरं पान उघडा आणि कंट्रोल-यू दाबा. पानाचा मूळ एचटीएमएल दिसेल, जेमतेम पंधरा-वीस ओळी. त्यात स्क्रिप्टची ओळ शोधा.

तिथे '/एसआरसी/मेन.जेएसएक्स' असं दिसलं (एसआरसी म्हणजे आपण कोड लिहितो तो फोल्डर), तर तुम्ही शाळाच उचलून नेली आहे. कच्चा प्रोजेक्ट चढवलाय. '/असेट्स/इंडेक्स' आणि पुढे डॅश देऊन काहीतरी अगम्य अक्षरं दिसली, तर मूर्ती पोचली आहे, फक्त चुकीच्या जागी बसली आहे किंवा तिचं सामान सापडत नाहीये. आणि तुमच्या पानाऐवजी होस्टिंगवाल्याचं स्वागताचं पान किंवा फोल्डरांची यादी दिसली, तर इंडेक्स.एचटीएमएल जागेवरच नाही.

बहिणीच्या पानावर पहिला प्रकार होता. लॅपटॉपवर 'एनपीएम रन डेव्ह' चालू असतं तेव्हा मध्ये वीटचा सर्व्हर बसलेला असतो. (तो ५१७३ या पोर्टवर चालतो. पाचाचा रोमन व्ही, एकाचा आय, सात टीसारखा आणि तीन म्हणजे उलटा ई. कोणालातरी रिकामा वेळ होता.) ब्राउझरने मेन.जेएसएक्स मागितली की तो ती जागच्या जागी साध्या जावास्क्रिप्टमध्ये फिरवून देतो. होस्टिंगच्या सर्व्हरला यातलं काही येत नाही. जेएसएक्स, म्हणजे जावास्क्रिप्टमध्येच एचटीएमएलसारखं लिहिणं, हा प्रकारच त्याला ठाऊक नसतो, तो फाईल आहे तशी पुढे सरकवतो आणि ब्राउझर ती चालवायला साफ नकार देतो. एफ१२ दाबून कन्सोल उघडलात तर तिथे हा नकार लाल अक्षरांत लिहिलेला असतो. पानावर मात्र काहीच नाही, कारण मूळ इंडेक्स.एचटीएमएलमध्ये 'रूट' नावाच्या एका रिकाम्या डिव्हशिवाय दाखवण्यासारखं काही नसतंच.

उपाय: प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये टर्मिनल उघडून 'एनपीएम रन बिल्ड'. काही सेकंदांत 'डिस्ट' नावाचा नवा फोल्डर तयार होतो. चढवायचा तो हा.

प्रत्येक फाईलला एकच प्रश्न विचारा: तुला वाचतं कोण?

स्टार्टर प्रोजेक्ट पहिल्यांदा उघडला की डझनभर अनोळखी नावं अंगावर येतात. कोणती फाईल काय करते याची पाठांतराची यादी मी कोणाला देत नाही, ती दोन दिवसांत विसरते. ही फाईल कोण वाचतं आणि केव्हा, एवढंच बघायचं. वाचणारे मोजकेच आहेत: एनपीएम, वीट, गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं), तुमचा एडिटर आणि ब्राउझर. यातला ब्राउझर जे वाचतो तेवढंच सर्व्हरवर जातं, बाकी सगळं घरी राहतं.

पॅकेज.जेसन वाचतं एनपीएम. प्रोजेक्टचं नाव, लागणारी पॅकेजेस आणि 'डेव्ह', 'बिल्ड', 'प्रीव्ह्यू' हे आदेश त्यात असतात. पॅकेजच्या आवृत्तीआधी जे छोटं टोपीसारखं चिन्ह असतं त्याचा अर्थ 'हीच किंवा याच मुख्य क्रमांकातली पुढची चालेल'. म्हणजे १९.१.० आधी टोपी असेल तर १९.२ चालेल, २० नाही. नेमकी कोणती बसवली याची नोंद पॅकेज-लॉक.जेसनमध्ये होते. ही फाईल हजारो ओळींची असते, हाताने उघडून काही करायचं नसतं, पण म्हणून फेकूनही द्यायची नाही. गिटमध्ये ती हवीच. दुसऱ्या मशीनवर 'एनपीएम सीआय' म्हटलं की पॅकेजेस बसतात तो जुना नोड_मॉड्यूल्स फोल्डर पुसला जातो आणि लॉकमध्ये लिहिलंय ते आणि तेवढंच बसतं.

नोड_मॉड्यूल्स. याच्यापायी लोकांचे तासन्‌तास जातात. पॅकेज.जेसनमध्ये जेमतेम दहा-बारा नावं असतात, पण त्यांची पिल्लं आणि पिल्लांची पिल्लं धरून या फोल्डरात शंभराच्या वर पॅकेजेस येऊन बसतात. बहिणीने झिप केलं ते याच्यासकट. अपलोड व्हायला अर्धी दुपार गेली. हा फोल्डर ब्राउझर वाचत नाही. सर्व्हरवर, पेनड्राईव्हवर, मेलमध्ये, कुठेच न्यायचा नाही. बिनधास्त उडवा, 'एनपीएम इन्स्टॉल' केलं की परत येतो. उलट तो कॉपी करून नेला तरच फसगत होते: आतले काही तुकडे त्या-त्या ऑपरेटिंग सिस्टिमपुरते बनवलेले असतात. विंडोजवरचा फोल्डर मित्राच्या मॅकवर किंवा लिनक्सवर टाकला, की 'अमुक मॉड्यूल सापडत नाही' म्हणून रडारड सुरू. तसं झालं तर फोल्डर पुसून नव्याने इन्स्टॉल करा. तरीही तेच आलं तर लॉक फाईलसुद्धा पुसून पुन्हा इन्स्टॉल करा. लॉक पुसायला मी परवानगी देतो अशी ही जवळजवळ एकमेव वेळ.

वीट.कॉन्फिग.जेएस वीट वाचतं, ईएसलिंट.कॉन्फिग.जेएस एडिटर आणि लिंटर (कोडमधल्या चुका दाखवणारं साधन) वाचतात, रीडमी माणसं वाचतात (निदान तशी अपेक्षा असते). डॉट गिटइग्नोर वाचतं गिट, त्यावर पुढे बोलू.

इंडेक्स.एचटीएमएल वीटमध्ये सगळ्यात बाहेर, प्रोजेक्टच्या मुळाशी असते. इथे बरेच जण गोंधळतात, कारण जुने व्हिडिओ वीटआधी सर्रास वापरल्या जाणाऱ्या क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅपवरचे आहेत. त्यात ती पब्लिक फोल्डरमध्ये होती, पोर्ट ३००० होतं आणि तयार माल 'बिल्ड' नावाच्या फोल्डरात पडायचा. फेब्रुवारी २०२५मध्ये रिअ‍ॅक्टच्या टीमनेच नव्या कामासाठी क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप वापरू नका असं जाहीर केलं. व्हिडिओ अर्थात अजून तसेच आहेत. समोरचा 'पब्लिकमधली इंडेक्स उघडा' म्हणाला आणि तुमच्याकडे ती तिथे नसेल, तर तुमचं काही हरवलेलं नाही. त्याचा प्रोजेक्टच वेगळा आहे.

पब्लिक की असेट्स: फोटो इथेच गायब होतात

आता खरी मेख. स्टार्टरमध्ये चित्रं ठेवायला दोन जागा दिसतात, पब्लिक आणि एसआरसीच्या आतला असेट्स. दिसायला सारख्या, वागायला अजिबात सारख्या नाहीत.

पब्लिकमधली फाईल वीट वाचतच नाही. बिल्डच्या वेळी जशीच्या तशी, त्याच नावाने डिस्टच्या मुळाशी ठेवून देतो. त्यामुळे पब्लिकमधल्या लोगो.पीएनजीचा पत्ता '/लोगो.पीएनजी' असा होतो. पत्त्यात 'पब्लिक' हा शब्द येत नाही, कारण डिस्टमध्ये त्या नावाचा फोल्डरच नसतो. गंमत अशी की '/पब्लिक/लोगो.पीएनजी' लिहिलं तरी लॅपटॉपवर चित्र दिसतं, कारण डेव्ह सर्व्हरला तुमचा अख्खा प्रोजेक्ट उघडा असतो. मग बिल्ड होतं आणि चित्र जातं.

असेट्समधलं चित्र वीट स्वतः हाताळतो, पण तुम्ही ते इम्पोर्ट केलंत तरच. बहिणीने इमेजच्या टॅगमध्ये सरळ 'एसआरसी/असेट्स/खोली१.जेपीजी' असा पत्ता अवतरणचिन्हांत लिहिला होता. डेव्हमध्ये तीनही खोल्या दिसत होत्या. बिल्डमध्ये एकही नाही. वीटच्या दृष्टीने ती नुसती अक्षरं. अवतरणचिन्हातली अक्षरं वाचून तो फाईल शोधायला जात नाही. फाईलच्या वर 'इम्पोर्ट खोली फ्रॉम' अशी ओळ लिहून टॅगमध्ये ते नाव महिरपी कंसात द्यायला हवं. मग वीट ते चित्र उचलतो, नावाला मजकुरावरून काढलेली काही अक्षरं जोडतो आणि डिस्टच्या असेट्समध्ये ठेवतो. चित्र बदललं की अक्षरं बदलतात, नाव बदलतं, आणि गिऱ्हाइकाच्या ब्राउझरने जपून ठेवलेलं जुनं चित्र आपोआप बाद होतं.

एक छोटी भानगड: ४ केबीपेक्षा लहान चित्र डिस्टमध्ये वेगळी फाईल म्हणून सापडणारच नाही. वीट ते कोडमध्येच गुंफून टाकतो. फोनचं छोटं चिन्ह 'हरवलं' म्हणून एकजण माझ्याकडे आला होता. पानावर ते व्यवस्थित दिसत होतं, त्याला फक्त फोल्डरात सापडत नव्हतं.

माझा स्वतःचा रिवाज साधा आहे. कोडमधून वापरायचं ते सगळं असेट्समध्ये आणि इम्पोर्ट करून. पत्ता कधीच बदलता कामा नये असं जे असतं, म्हणजे फेव्हिकॉन, रोबोट्स.टीएक्सटी, व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक पाठवली की दिसणारं चित्र, डाउनलोडला दिलेलं दरपत्रक, ते पब्लिकमध्ये. इम्पोर्टचा आणखी एक फायदा म्हणजे फाईल नसेल तर बिल्डच अडतं. पब्लिकमधलं चित्र नसलं तर कोणी ओरडत नाही, गिऱ्हाईक फोन करून सांगतं.

आणि मग नावातली मोठी-लहान अक्षरं. फोनच्या किंवा डिजिटल कॅमेऱ्याच्या फोटोचं शेपूट बऱ्याचदा मोठ्या अक्षरांतलं जेपीजी असतं, कोडमध्ये आपण लिहितो लहान. विंडोजला आणि साधारणपणे मॅकलाही दोन्ही एकच. लिनक्स सर्व्हरला त्या दोन वेगळ्या फाईली. त्यात नुसतं नाव लहान करून गिटला दिलं तर विंडोजवर गिटला बदल झालाय हेच कळत नाही. 'गिट एमव्ही' वापरून नाव बदला. मी तर सगळी नावं आधीच लहान अक्षरांत करून घेतो, मोकळ्या जागांऐवजी डॅश. व्हॉट्सअ‍ॅपवरून उतरवलेल्या फोटोंची ती तारीख-वेळेची लांबलचक नावं तशीच वापरणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार.

डिस्ट चढवला, तरी पांढरं

आधी घरीच बघा. डिस्टमधल्या इंडेक्स.एचटीएमएलवर डबल-क्लिक करून बघायचं नाही, तसं केलं तर ती पांढरीच दिसणार आणि तुम्ही नसलेली चूक शोधत बसाल. पत्ते '/'ने सुरू होतात. फाईल थेट उघडली की '/' म्हणजे तुमच्या डिस्कचं मूळ. शिवाय मॉड्यूल प्रकारची स्क्रिप्ट अशा थेट उघडलेल्या पानावर ब्राउझर चालवत नाही. 'एनपीएम रन प्रीव्ह्यू' म्हणा, ४१७३ पोर्टवर बिल्ड झालेली साईट दिसेल. सर्व्हरवर जे बिघडणार आहे त्यातलं बरंचसं इथेच उघडं पडतं. फक्त अक्षरांच्या लहान-मोठेपणाचं इथेही कळणार नाही, मशीन तीच ना.

प्रीव्ह्यू ठीक आणि सर्व्हरवर गडबड असेल, तर बहुतेक वेळा डिस्टच्या आतलं सामान चढवायच्या ऐवजी डिस्ट फोल्डरच चढवलेला असतो. पब्लिक_एचटीएमएलच्या आत इंडेक्स.एचटीएमएल थेट दिसली पाहिजे. (नाव सारखं असलं तरी होस्टिंगच्या या पब्लिक_एचटीएमएलचा प्रोजेक्टमधल्या पब्लिकशी काडीचा संबंध नाही. यावरूनही लोक फसतात.) झिप सोडताना फोल्डरच्या आत फोल्डर तयार होतो तेव्हाही हेच होतं. बहिणीचा दुसरा निरोप आला तो याचाच: "पांढरं गेलं, आता फोल्डरांची यादी दिसतेय."

साईट मुळाशी नसून एखाद्या उपफोल्डरात असेल, गिटहबच्या होस्टिंगवर, म्हणजे गिटहब पेजेसवर, सहसा असतेच, तर वीटला तसं सांगावं लागतं. वीट.कॉन्फिग.जेएसमध्ये 'बेस' म्हणून '/होमस्टे/' असं, दोन्ही बाजूंना तिरकी रेघ देऊन. नाहीतर इंडेक्स उघडते पण असेट्स मुळाशी शोधले जातात आणि ४०४ची ('फाईल सापडली नाही') रांग लागते. इम्पोर्ट केलेल्या चित्रांना हा बदल आपोआप लागू होतो. कोडमध्ये हाताने लिहिलेल्या '/लोगो.पीएनजी'ला नाही. असेट्सच्या बाजूने आणखी एक मत.

पहिलं पान उघडतं, खोल्यांच्या पानावर जाऊन रिफ्रेश केलं की ४०४, ही तक्रार राऊटर (एकाच इंडेक्समधून अनेक पानं दाखवणारं पॅकेज) वापरणाऱ्यांची. 'खोल्या' नावाची फाईल सर्व्हरवर नसतेच, ते पान ब्राउझरमध्ये जुळवलेलं असतं. अपाचे सर्व्हर असेल तर 'मागितलेली फाईल नसेल तर इंडेक्स.एचटीएमएल दे' असा नियम डॉट एचटीअ‍ॅक्सेसमध्ये लिहून ती फाईल पब्लिकमध्ये ठेवा, म्हणजे दर बिल्डला ती डिस्टमध्ये येईल. टिंबाने सुरू होणारी नावं बऱ्याच फाईल मॅनेजरमध्ये लपलेली असतात. 'लपलेल्या फाईली दाखवा' हे आधी चालू करा, मग ती चढली नाही म्हणून डोकं धरा.

ईएनव्हीचा गैरसमज

सेटिंग्ज ठेवायची डॉट ईएनव्ही फाईल वीट वाचतो, आणि तीही बिल्डच्या वेळी. मोठ्या रोमन अक्षरांत 'वीट' आणि पुढे अंडरस्कोअर, यांनी सुरू होणारी नावंच कोडपर्यंत पोचतात. बाकीची मागितली तर 'अनडिफाइन्ड'. किंमत बिल्डमध्येच कोरली जाते. म्हणून सर्व्हरवर जाऊन ईएनव्ही बदलली तरी ढिम्म काही होत नाही, पुन्हा बिल्ड करावं लागतं. आणि कोरली गेली म्हणजे ती कोणालाही ब्राउझरमध्ये वाचता येते. पासवर्ड, पेमेंटची गुप्त किल्ली असलं काही तिथे ठेवायचं नाही.

आता गिटइग्नोर, म्हणजे गिटने कोणत्या फाईली वगळायच्या त्याची यादी. स्टार्टरसोबत येणाऱ्या यादीत नोड_मॉड्यूल्स असतो, डिस्ट असतो, शेवटी '.लोकल' असलेल्या फाईली असतात. साधी डॉट ईएनव्ही त्यात नसते! लोक समजतात ती आपोआप झाकलेली आहे, आणि ती दिमाखात गिटहबवर जाऊन बसते. एकतर नाव '.ईएनव्ही.लोकल' ठेवा, नाहीतर यादीत स्वतः एक ओळ वाढवा. आधीच गेली असेल तर फाईल पुसून भागत नाही, जुन्या कमिटमध्ये (गिटने जपलेल्या आधीच्या नोंदींत) ती राहतेच. किल्ली बदलून घ्या.

तर गुहागरची साईट. कच्चा प्रोजेक्ट काढला, बिल्ड केलं, डिस्टच्या आतलं चढवलं, खोल्यांचे फोटो इम्पोर्ट केले. नावाला जुनी अक्षरं जोडलेल्या आधीच्या बिल्डच्या फाईली सर्व्हरवर साचत जातात म्हणून आधीचा असेट्स फोल्डर पुसायला सांगितला, फक्त असेट्स. तिथला 'वेल-नोन' नावाचा लपलेला फोल्डर एसएसएलच्या (पत्त्याशेजारच्या कुलपाच्या) कामाचा असतो, त्याला हात लावू नको म्हटलं. एवढं करूनही मुखपृष्ठावरचा समुद्राचा मोठा फोटो येईना. तो पब्लिकमध्ये होता, आणि शेपूट मोठ्या अक्षरांतलं.

रात्री अकराला फोटो दिसला. दुसऱ्या दिवशी तिने काकांचा फोन नंबर एका आकड्याने चुकलाय म्हणून होस्टिंगच्या फाईल मॅनेजरमध्ये जाऊन, त्या गिचमिड जावास्क्रिप्टमध्ये शोधून, थेट दुरुस्त केला. तिथे चाललाही. चार दिवसांनी जेवणाचे दर बदलले, नवं बिल्ड चढवलं, आणि काकांचा फोन आला, "अरे, तो चुकीचा नंबर परत कसा आला?"

"काका, तिला सांगा, एसआरसीमध्ये बदल," एवढंच म्हणालो. मागून तिचा आवाज आला, "कळलं, कळलं!"